मापाची बाटली

१

मापाची बाटली जागेवर नव्हती.

मंगळवारी सकाळी साडेदहाला उन्नतीने गोखिवऱ्याच्या स्कॅन सेंटरमध्ये मशीनच्या खोलीतलं लाकडी कपाट माझ्यासमोर उघडलं. वरच्या फळीवर बाटली बसवायचा स्पंज तेवढा होता. स्पंजात बाटलीच्या आकाराचा खळगा, आणि खळगा रिकामा.

"टीचर, शनिवारपर्यंत इथेच होती. शप्पथ!" उन्नती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. एमआरआय चालवणारी ही पोरगी विरारची, माझी जुनी विद्यार्थिनी. आठवीत तिला मी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, खोटं बोलल्याबद्दल नव्हे, खिडकीबाहेर बघत बसल्याबद्दल. खोटं तिला तेव्हाही जमत नसे.

मी सालोमी तुस्कानो, राजोडीची. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टाने कमावली आहे. २००८च्या सप्टेंबरात तो ताप उतू गेला, त्याचं कारण माझा धाकटा भाऊ लॉरेन्स.

लॉरेन्स गोखिवऱ्यात प्लेटिंगच्या कारखान्यात होता. धातूच्या वस्तूंना मुलामा चढवण्याआधी त्यांचं तेल काढावं लागतं. त्यासाठी एक बंद खोली होती, तिला सगळे वाफेची खोली म्हणत. त्या वाफेत चौदा माणसं पाळीपाळीने उभी राहायची. एकेकाचं डोकं दुखू लागलं, मग नावं विसरू लागली. जूनमध्ये लॉरेन्स सायकलने निर्मळला गेला आणि परतीचा रस्ता विसरला. ज्या रस्त्यावर जन्म गेला, त्या रस्त्यावर दोन तास उभा होता. मालक म्हणाला, "पिऊन असेल." माझा भाऊ सख्ख्या मुलीच्या लग्नात लिंबूसरबत पीत होता!

चौदा जणांची मागणी काय, तर खोलीला दोन खिडक्या आणि एक मोठा पंखा. मालक म्हणाला, आधी सिद्ध करा. तेव्हा मुंबईच्या डॉ. अश्लेषा पुढे आल्या. मेंदूला रक्त किती पोचतं, हे सुई न टोचता मोजायची नवी पद्धत त्या वापरत. पहिल्या रविवारी सात कामगार तपासले. आकडे पस्तिशीच्या आसपास, म्हणजे फार कमी. दुसऱ्या रविवारी उरलेले सात तपासले, त्यांत लॉरेन्स होता. आकडे पंचावन्न ते साठ. म्हणजे ठणठणीत!

झालं. मालकाच्या वकिलाने पत्र धाडलं. त्याचं म्हणणं असं: पहिल्या रविवारी डॉक्टरबाई पोचायच्या आत मशीन उन्नतीने एकटीने चालवलं, ती एका कामगाराच्या बहिणीची विद्यार्थिनी, तिने आकडे पाडले. दुसऱ्या रविवारी डॉक्टरबाई सकाळपासून हजर होत्या, म्हणून खरे आकडे आले. सेंटरने उन्नतीला महिनाअखेरपासून घरी बसायला सांगितलं. आणि शुक्रवारी कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. त्या दिवशी लॉरेन्स आणि बाकीचे तेरा जण सरकारी कागदावर ढोंगी ठरणार होते.

माझ्या हातात तीन दिवस होते.

२

सोमवारी मी अश्लेषाबाईंना फोन केला होता. "मला आठवीच्या मुलाला सांगता तसं सांगा," म्हटलं.

त्यांनी सांगितलं, आणि छान सांगितलं. मानेतून वर जाणाऱ्या रक्तावर मशीन चुंबकाची खूण करतं. खुणेचा एक फोटो, बिनखुणेचा एक फोटो. एकातून दुसरा वजा केला की उरते ती मेंदूत पोचलेल्या रक्ताची चमक. पण ती नुसती चमक. तिचा आकडा करायचा तर तिला एका ठरलेल्या चमकेने भागावं लागतं. त्यासाठी डोक्याशेजारी बाटली ठेवतात. बाटलीतलं पाणी म्हणजे तराजूतलं वजन.

"वजा केलेली चमक दोन्ही रविवारी सारखीच आहे," त्या म्हणाल्या. "ती मी पुन्हा तपासली. तिला कोणी हात लावलेला नाही. फरक पडला असेल तर बाटलीत."

कोळणीकडून मासे घेणाऱ्या बाईला यापुढचं कोणी समजवायला नको. वजन हलकं केलं की मासळी जड भरते. बाटलीची चमक कमी झाली की रक्ताचा आकडा फुगतो.

म्हणून मंगळवारी मी बाटली बघायला आले, तर बाटलीच नाही.

सेंटरचे मॅनेजर विघ्नेश काचेच्या केबिनमध्ये बसले होते. चाळिशीचा माणूस, स्कूटरच्या अपघातापासून किंचित लंगडत चालायचा. त्यांच्या मागे भिंतीवर त्याच प्लेटिंग कारखान्याचं कॅलेंडर लटकत होतं. गोखिवऱ्यातल्या कारखान्यांच्या वार्षिक तपासण्या याच सेंटरात होत.

"बसा मॅडम, चहा घ्या," ते गोड हसले. "एवढ्या लांबून राजोडीहून आलात, तेही एका गाळ बसलेल्या बाटलीसाठी? कचऱ्यात गेली असेल. झाडलोट करताना जातात गोष्टी."

"खोलीच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"उन्नतीकडे. आणि निकोलसकडे, पुसायला लागते म्हणून. मला विचाराल तर मी त्या चुंबकाच्या खोलीत आयुष्यात पाय टाकलेला नाही. माझ्या पायात सळई आहे ना! अपघातानंतर डॉक्टरांनी बजावलंय." त्यांनी पँटवरून गुडघ्याखाली टकटक केलं. "मॅडम, एक सांगू? पोरगी तरुण आहे, चूक झाली तिच्याकडून. तुम्ही वडीलधाऱ्या आहात. तुम्हीच तिला समजावून माफी मागायला लावा, म्हणजे प्रकरण मिटेल."

"मी मुलांना माफी मागायला लावते," मी म्हटलं, "पण आधी गुन्हा कोणाचा ते बघते."

चहा मी प्यायला नाही. चहाशी माझं भांडण नव्हतं, पण काही ठिकाणचा घशाखाली उतरत नाही.

३

निकोलस व्हरांडा पुसत होता. पन्नाशीचा, निर्मळचा, सरळ माणूस. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर, बाकी सहा दिवस सेंटरमध्ये, आणि उरलेला वेळ वाडीत. केळी आणि पानवेली, दोन्ही राखून होता. आमची घरची बोली एकच, पण इथे मी ती सगळ्यांना कळेल अशी लिहिते.

"टीचरबाय, बऱ्या आहात? लॉरेन्स कसा हाय?"

"कालच्या जेवणात काय होतं ते विसरतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीची शाळेतली कविता म्हणून दाखवतो. तुझी वाडी?"

"केळी बरी हाय. वेलींचं काय सांगू नका. यंदा पानांवर करपा आलाय. दोनदा फवारलं, तरी पानं गळतातच." तो फडकं पिळू लागला. "तुमच्या बाबांचा पानमळा केवढा होता! त्यांच्यासारखं औषध कोनाला जमलं नाय."

"निकोलस, कपाटातली बाटली कुठे गेली?"

फडक्यात पाणी उरलं नव्हतं, तरी तो पिळत राहिला. "मला काय ठाऊक? मी लादी पुसतो. लादीवर हाय ते बघतो."

आमच्याकडचा माणूस खोटं बोलताना कामाचा वेग वाढवतो, हे मी मुलांच्या बापांकडून शिकले आहे. पण भिणारा माणूस म्हणजे चोर नव्हे. मी उन्नतीकडे परतले.

"या खोलीत त्या दोन रविवारांच्या आठवड्यात आणखी कोण आलं होतं?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "दुसऱ्या रविवारी कारखान्याचे सुपरवायझर, शत्रुघ्नदादा. टेम्पोतून कामगारांना घेऊन आले होते. सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी आत शिरले. म्हणे मशीन बघायचंय. मी त्यांना बाहेर काढलं, पण दोन मिनिटं ते कपाटापाशी होते."

मी तो रिकामा स्पंज उचलला आणि उजेडात धरला. खळग्याच्या कडेला एक निळसर खपली चिकटली होती, नखाएवढी. तो रंग मी बालपणापासून ओळखत होते.

मोरचूद, तांब्याचा निळा क्षार!

तिथूनच अश्लेषाबाईंना फोन लावला. "हो," त्या म्हणाल्या, "बाटलीत मोरचुदाचंच पाणी असतं. साधं पाणी फार सुस्त. एक फोटो झाला की दुसऱ्यापर्यंत त्याची चमक अर्धीमुर्धीच परत येते. मोरचूद घातलं की ते लगेच ताजंतवानं होतं आणि प्रत्येक फोटोत पूर्ण चमकतं. मी स्वतः मोजून घातलं होतं."

मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात मोरचूद हौदाने असतं. स्पंज पिशवीत टाकला आणि मी रिक्षा केली ती थेट कारखान्याच्या फाटकाशी.

४

शत्रुघ्न फाटकाबाहेर आला. मूळचा जळगावकडचा, उंचापुरा, कपाळावर बामाचा तुकतुकीत पट्टा.

"टीचर, आत घेता येणार नाही तुम्हांला. मालकाचा हुकूम हाये."

"मला आत यायचंच नाही. तुम्ही त्या रविवारी मशीनच्या खोलीत कशाला गेला होता?"

त्याने मागे वळून बघितलं. फाटकातून दोन निळे हौद दिसत होते. मी बोट दाखवलं. "त्यातलं निळं पाणी नेलंत का कुठे?"

"ते?" त्याला खरोखर हसू आलं. "ते न्यायचं म्हंजे डबा जळंल. मोरचूद आन् तेजाब हाये त्यात, अ‍ॅसिड. तेजाब कमी पडलं की मोरचूद खाली बसतं, पानी फुकट जातं. त्यात चिमूटभर चुना पडला ना, तर मालक आमालाच हौदात बुडवंल." त्याने कपाळ दाबलं. "टीचर, मी तिथं का गेलो ते सांगू? कोनाला बोलू नका."

"बोला."

"मला बघायचं होतं त्यात घुसताना भीती वाटंल का. मी पंधरावा हाये. मी सही करून दिलीय की मला काय होत नाही." मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमी चहा घेनार का?"

तोच प्रश्न त्याने फाटक उघडतानाही विचारला होता.

मी नको म्हटलं, पहिल्यांदा म्हटलं होतं त्याच आवाजात. रिक्षात बसल्यावर मला एवढा राग आला की रिक्षावाला आरशातून बघू लागला. ज्या माणसाला मी चोर धरायला गेले होते, त्याच्याही डोक्यात ती वाफ शिरली होती, आणि तो ती सही करून लपवत होता.

५

घरी भावजय रोझलीन मासे साफ करत होती. माझी पिशवी बघून म्हणाली, "बाय, आता घरात स्पंज पण आणायचे?"

"एक वाटी पाणी दे."

मी खपली खरवडून पाण्यात टाकली. मोरचूद पाण्यात साखरेसारखं विरघळतं, हे आठवीत मी एकतीस वेळा शिकवलं. ही खपली विरघळेना. ढवळलं, कोमट पाणी घेतलं, तरी तळाशी निळा चुरा बसूनच राहिला.

तेव्हा शत्रुघ्नचं वाक्य माझ्या डोक्यात फिरलं. खाली बसतं. चिमूटभर चुना पडला तर.

"रोझलीन, ताडीचा शिरका कुठे आहे?"

"विंदालूचा? माशांना लावायचा आहे मला!"

"चमचाभर दे. तुझा विंदालू कामगार खात्यापेक्षा मोठा नाही."

शिरका पडताच बारीक बुडबुडे आले, चुरा विरघळला आणि वाटीतलं पाणी स्वच्छ निळं झालं. मी खुर्चीत बसले. ही खपली अश्लेषाबाईंच्या मोरचुदाची नव्हती, कारखान्याच्या हौदातलीही नव्हती. यात चुना होता. मोरचूद आणि चुना एकत्र कोण करतं, हे वसईच्या वाडीत वाढलेल्या मुलीला विचारायचं? बाबा पानवेलींच्या औषधासाठी मातीच्या दोन मडक्यांत दोन्ही वेगळं भिजवायचे आणि तिसऱ्यात ओतायचे. आधी सगळं आकाशासारखं निळं, रात्रभर ठेवलं की खाली गाळ आणि वर साधं पाणी.

वर साधं पाणी! सुस्त, अर्धं चमकणारं.

संध्याकाळी उन्नती दोन्ही रविवारच्या फिल्म घेऊन घरी आली. पहिल्या रविवारी डोक्याशेजारी बाटलीचा काप पुऱ्या भाकरीसारखा गोल आणि एकसारखा पांढरा. दुसऱ्या रविवारी तो मळका करडा, आणि तळाला भाकरीचा चतकोर करपावा तशी काळी कड.

"हा गाळ," मी म्हटलं.

उन्नती फिल्मला नाक लावून बघत होती. "टीचर, म्हणजे दुसऱ्या रविवारचे सगळेच आकडे फुगलेत? सगळ्यांचेच?"

"सगळ्यांचेच."

तिने हळूच माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं ती काय म्हणत नाहीये. तुलनेसाठी एक निरोगी माणूस हवा म्हणून दुसऱ्या रविवारी मीही मशीनमध्ये झोपले होते. माझा आकडा आला त्र्याऐंशी. कामगारांच्याच काय, तरुण पोरांच्याही वर. अश्लेषाबाईंनी त्यावर 'डोकं हललं असावं' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला होता. उन्नती मात्र म्हणाली होती, "टीचर, तुमचं डोकं सगळ्यांत जास्त चालतं!" आणि मी तो आकडा रोझलीनला तीनदा, फादरना एकदा आणि भाजीवालीला एकदा सांगितला होता.

त्रेसष्टाव्या वर्षी कोणाच्याही मेंदूत एवढं रक्त धावत नाही. पुरावा नऊ दिवस माझ्याच तोंडात होता, आणि मी तो मिरवत होते. गर्व माणसाला आंधळं करतो असं मी मुलांना सांगायचे. मुलांनी ते फळ्यावर लिहून माझ्याकडेच तोंड करून ठेवायला हवं होतं.

६

गुरुवारी दुपारी मी सगळ्यांना सेंटरच्या बाहेरच्या खोलीत जमवलं. अश्लेषाबाई मुंबईहून नवी बाटली घेऊन आल्या होत्या. विघ्नेश घड्याळ बघत होते. निकोलस दाराशी, उन्नती भिंतीशी, लॉरेन्स आणि रोझलीन बाकावर. शत्रुघ्नला बोलावलं नव्हतं, तरी तो आला आणि मागे उभा राहिला.

"आधी माझं डोकं," मी म्हटलं आणि नव्या बाटलीशेजारी मशीनमध्ये जाऊन झोपले. अर्ध्या तासाने अश्लेषाबाईंनी आकडा सांगितला. एक्कावन्न. खोलीत कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

"बाटली बदलली म्हणून माझा आकडा बदलला," मी म्हटलं. "डोकं तेच आहे, दुर्दैवाने. म्हणजे खोटा रविवार दुसरा, पहिला नव्हे. उन्नतीने काही पाडलेलं नाही."

"सिद्ध करा," विघ्नेश म्हणाले. "जुनी बाटली आहे कुठे?"

"त्याकडे येतेच. बाटलीत कोणीतरी नवं पाणी भरलं. घात करायला भरलं असतं तर नळाचं साधं पाणी भरून मोकळा झाला असता. याने मोरचूद शोधून, चुना कालवून भरलं. का? कारण त्याला बाटली बिघडवायची नव्हती, होती तशी करून ठेवायची होती. त्याच्या हातून ती सांडली होती. आणि चुना त्याने मुद्दाम नाही घातला, हाताने आपोआप घातला." मी दाराकडे वळले. "निकोलस, मोरचुदात चुना का कालवलास?"

त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "का म्हंजे? कालवतातच की, टीचरबाय. नुसता मोरचूद मारला तर पान जळते."

अश्लेषाबाईंनी तोंडावर हात ठेवला. हसत होत्या की रडत, मला सांगता येणार नाही.

मग निकोलस बोलत सुटला. दोन रविवारांच्या मधल्या गुरुवारी पुसताना कपाट उघडं होतं, दांडा लागला, बाटली पडली, झाकण उचकटलं. लादीवरचा निळा डाग बघून त्याने ओळखलं, हे मोरचूद. इथे काही फुटलं की माणूस घरी बसतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वाडीतून तयार औषध आणलं, बाटली भरली, झाकण दाबून बसवलं. रंग जुळला, तेव्हा देवाचे आभारसुद्धा मानले.

"झालं तर," विघ्नेश उठले. "निकोलसची चूक. साधा माणूस आहे. विषय संपला."

"बसा," मी म्हटलं. वर्ग शांत करायचा माझा आवाज अजून शाबूत आहे. ते बसले. "चूक निकोलसची. गुन्हा वेगळ्याचा. मंगळवारी तुम्ही मला म्हणालात, एका गाळ बसलेल्या बाटलीसाठी एवढ्या लांबून आलात. बाटली दुधी प्लास्टिकची. बाहेरून गाळ दिसत नाही. डॉक्टरबाईंच्या पाण्यात गाळ कधी नव्हताच. आणि त्या खोलीत तर तुम्ही आयुष्यात पाय टाकलेला नाही. मग ती बाटली उघडून तुम्ही कुठे बघितलीत?"

विघ्नेशनी रुमाल काढला. "तुम्ही... मॅडम, शब्दाला शब्द..."

"वकिलाचं पत्र आलं तेव्हा निकोलस घाबरून तुमच्याकडे आला असणार. बाटली बाहेर आणवून तुम्ही झाकण काढलंत. तिथेच तुम्हांला सगळं कळलं. एक फोन केला असता तर उन्नतीवरचा डाग पुसला गेला असता. पण कारखान्याला हवे तेच आकडे आले होते, आणि भिंतीवर त्यांचं कॅलेंडर होतं."

"पुरावा काय? बाटली कुठे आहे?"

तेव्हा निकोलस बाहेर गेला. सायकलचा स्टँड वाजला. परत आला तो गोणपाटाची पिशवी घेऊन. त्यातून त्याने दुधी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब बोलले, खाडीत टाक. मी नाय टाकली. वेलींच्या मांडवाखाली ठेवली." तो विघ्नेशकडे न बघता माझ्याशी बोलत होता. "टाकली असती तर रविवारी चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसलो असतो?"

"उद्या अधिकाऱ्यांसमोर हेच सांगायचंस."

"नोकरी जाईल, टीचरबाय."

"जाईल. तुला खोटं नाही सांगत."

त्याने गोणपाटाची घडी घातली. मग म्हणाला, "किती वाजता?"

७

एक अडचण उरलीच होती. दुसऱ्या रविवारचे आकडे खोटे हे ठरलं, पण खरे किती? सात जणांना पुन्हा तपासायला वेळ नव्हता. वकील म्हणणार, वजन खोटं तर मापच रद्द.

"बाई," मी अश्लेषाबाईंना विचारलं, "तुम्हांला फक्त ठरलेलं पाणीच हवं ना? मग बाहेरचं कशाला? डोक्यात आहे की. मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी, मस्तिष्क-मेरुद्रव. आठवी, धडा अकरावा. ते त्याच फोटोंत आलं असेल."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आहे. तीही रीत आहे. प्रत्येक फोटोत हाताने शोधावं लागतं आणि त्या पाण्याच्या सुस्तीचा हिशोब वेगळा मांडावा लागतो, म्हणून मी सोपी वाट धरली. माझंच चुकलं."

त्या तिथेच कॉम्प्युटरपाशी बसल्या, शेजारी उन्नती. पहिल्यांदा पडताळा म्हणून माझा जुना फोटो घेतला. त्र्याऐंशीचे झाले बावन्न. मशीनने नुकतेच एक्कावन्न दिले होते. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकामागून एक सात जण. छत्तीस. तेहतीस. अडतीस. पहिल्या रविवारच्या सातांच्या ओळीत अगदी खांद्याला खांदा लावून.

बाटली सांडते, बदलते, खाडीत फेकता येते. या सात जणांच्या डोक्यातलं पाणी कोणाच्या बापाला बदलता येणार नव्हतं.

शुक्रवारी वकिलाने पुष्कळ पाय आपटले. निकोलस उभा राहिला आणि चुन्यापासून मांडवापर्यंत सगळं सांगितलं. विघ्नेश आलेच नाहीत. वकील शेवटी माझ्याकडे वळून खवचटपणे म्हणाला, "आणि या बाईंच्या तल्लख डोक्याचा आकडा किती निघाला म्हणे?"

"एक्कावन्न," कोणी बोलायच्या आत मीच ओरडून सांगितलं. "वयाला शोभेल एवढाच. लिहून घ्या."

मागून एक माणूस पुढे आला. शत्रुघ्न. "साहेब, माझं पन नाव घाला," तो म्हणाला. "पंधरावा. मी खोटी सही केली होती." तेव्हा वकिलाने फाइल मिटली. खिडक्या आणि पंखा लागेपर्यंत वाफेची खोली बंद, आणि पंधराही जणांचे उपचार सुरू, असा हुकूम अधिकाऱ्यांनी तिथेच लिहिला.

बाहेर पायरीवर लॉरेन्स बसला होता. मी त्याला त्याचा आकडा सांगितला. पस्तीस. त्याने तो तळहातावर पेनाने लिहून घेतला, विसरू नये म्हणून.

"बाय," तो म्हणाला, "म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही रे. कधीच नव्हतास."

तो हसला, लहानपणी परीक्षेत पास झाला की हसायचा तसा. आणि मग मला रडू कोसळलं. कारण मी तीन दिवस जिवाचं रान केलं ते माझा भाऊ आजारी आहे हे सिद्ध करायला, आणि मी जिंकले होते. रोझलीनने माझ्या हातात तिचा पदर दिला. ती स्वतः रडून मोकळी झाली होती, जूनमध्येच.

राजोडीला उतरून आम्ही तिघं चालत निघालो. लॉरेन्स पुढे, आम्ही दोघी मागे. फाट्याशी तो थांबला. "डावीकडे ना?"

"डावीकडे," मी म्हटलं.

वळणावरच्या दुकानात बसलेल्यांपैकी एकाने मान वर केली आणि म्हणाला, "काय लॉरेन्स, आज पण जास्त झाली वाटतं?"

मी पिशवी रोझलीनच्या हातात दिली, पदर खोचला आणि दुकानाच्या पायऱ्या चढले. लॉरेन्सने माझ्या पाठीमागून तळहात उंच धरून त्याला दाखवला.